उलट टपाली



आपल्यात एक खोड वाढत चाललीय, तिच्यावर बोलायचंय. लिहिणारा लिहितो. वाचणारा बोलतो. आणि वाचणारा बोलला रे बोलला की लिहिणाऱ्याचं तोंड उतरतं. मग तो एक तर मान फिरवतो, 'त्येला काय कळतंय कवितेतलं!' नाहीतर बोलणाऱ्याचा गट काढतो. हा अमक्याचा माणूस, तो तमक्याच्या बैठकीतला, तो बोलणारच. मोबाईलवर तर रात्रभर हेच. सकाळी बघावं तर कविता राहिली बाजूला आणि एका गटाचे दोन झालेले.

तासगावात आमच्या अभ्यासवर्गाला जी पोरं बसतात, दिवसा कुणी द्राक्षबागेत डिपिंगला, कुणी बेदाण्याच्या शेडवर, कुणी स्पर्धापरीक्षेच्या नादाला, त्यांतली चार-सहा जण लिहितात. चांगलं लिहितात. त्यांचा एकच प्रश्न असतो. टीका झाली की उत्तर द्यायचं का गप बसायचं? थोर लेखक गप बसतात, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात घालून दिलंय. ही थोरवी आली कुठनं? ज्याच्या बाजूनं बोलायला प्राध्यापक आहेत, परीक्षणं लिहिणारे आहेत, रविवारच्या पुरवण्या आहेत, त्याला गप बसणं परवडतं. त्याचं गप बसणं म्हणजे रुबाब. आपण गप बसलो तर ती जुनीच सवय. पिढ्यान्‌पिढ्यांची.

बाबासाहेब गप बसले नाहीत.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांना आपल्या परिषदेचं अध्यक्ष केलं. भाषण आधी मागवून घेतलं. वाचलं आणि मंडळी हादरली. वेदांवरचा घाव नको, हिंदू धर्म सोडणार हे नको, तेवढं गाळा म्हणाले. बाबासाहेबांनी कळवलं, स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. बोलणं तिथंच मोडलं. तेव्हा ते न झालेलं भाषण बाबासाहेबांनी मे महिन्यात पुस्तक करून काढलं. तेच 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. दीड हजार प्रती. किंमत आठ आणे. दोन महिन्यांत सगळ्या प्रती संपल्या.

या पुस्तकाचं जाहीर परीक्षण लिहिणारा वाचक कोण? तर गांधी. जुलै १९३६ च्या 'हरिजन'मध्ये. ते परीक्षण आपल्या पोरांनी एकदा सबंध वाचावं. मंडळानं भाषण नाकारलं हे मंडळाचं चुकलं, असं गांधी म्हणाले. कुठल्याही सुधारकाला हे भाषण टाळता येणार नाही, सनातन्यांनीही वाचावं म्हणाले. इथवर ठीक. मग म्हणाले, आठ आणे किंमत जास्त होते, दोन आणे करा, निदान चार तरी. (वाचक तो वाचक! पुस्तक डोक्यावरून जावो नाहीतर काळजात घुसो, किमतीवर बोलणारच.) आणि मग खऱ्या मुद्द्याला हात घातला. जातीचा धर्माशी संबंध नाही. वर्ण वेगळा, जात वेगळी. जी शास्त्रवचनं तुम्ही पुढं करता ती अस्सल धरायची कशाला? आणि धर्म जोखायचा तो त्यातल्या वाईट माणसांवरून नव्हे, चांगल्यांवरून. चैतन्य, ज्ञानदेव, तुकाराम यांच्यावरून.

यावर बाबासाहेबांनी काय केलं बघा. १९३७ साली दुसरी आवृत्ती काढली. तिच्यात गांधींचं परीक्षण परिशिष्ट म्हणून छापलं. स्वतःच्या पुस्तकात. संतरामांनी गांधींना लिहिलेलं पत्रही तिथंच. आणि त्याच्यापुढं आपलं उत्तर. म्हणजे ज्याला तपासायचंय त्यानं 'हरिजन'चे जुने अंक हुडकत फिरायला नको. एका दोऱ्यात दोन्ही बाजू शिवलेल्या. आजही ते पुस्तक उघडलं की बाबासाहेब आणि गांधी समोरासमोर बसलेले भेटतात, आणि कोण मुद्द्याला धरून बोलतोय ते वाचणारा स्वतः ठरवतो.

मला ही गोष्ट फार मोठी वाटते. आपण काय करतो? टीका करणाऱ्याचं अर्धं वाक्य उचलतो. त्याच्या शेपटीला उद्गारचिन्ह लावतो. आणि त्या अर्ध्या वाक्याला दोन पानं झोडपतो. झोडपून झालं की वाटतं, जिंकलो. वाचणाऱ्याला मूळ पत्र दिसलेलंच नसतं. त्यानं कुणाच्या बाजूनं टाळी वाजवायची?

उत्तराची मांडणीही बघण्यासारखी आहे. आधी आपले मुद्दे काय होते ते सांगितले, कारण गांधींनी नेमके तेच सोडून दिले होते. मग गांधींचे मुद्दे काय ते मांडले. मग एकेक घेतला. हे भाषण प्रसिद्धीसाठी छापलं असा गांधींचा रोख होता, तोही सोडला नाही. प्रसिद्धीसाठी छापलं असं धरलं तरी काचेच्या घरात राहणाऱ्यांनी माझ्यावर दगड उचलू नये, असा टोला दिला. आणि वर्णाप्रमाणे वडिलार्जित धंदा करावा असं सांगणाऱ्या गांधींना त्यांच्याच घरातला दाखला दाखवला. जन्मानं बनिया, तराजू कधी हातात धरला नाही, मुलाचं लग्न ब्राह्मणाच्या मुलीशी. हे वैयक्तिक झालं का? झालं की. पण ती उणीदुणी नव्हती. ज्या तत्त्वावर वाद चाललाय ते सांगणाऱ्याच्या घरात टिकतंय का, एवढंच तपासलं.

आणि उत्तर द्यायचं कशाला? तेही त्यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्वच्छ सांगून टाकलंय. गांधींचं म्हणणं फार वजनदार आहे म्हणून नव्हे. तर कितीतरी हिंदूंना त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द वाटतो, ते बोलले की पुढं कुणी तोंड उघडायचं नाही असं लोक धरून चालतात, म्हणून. म्हणजे उत्तर गांधींना कमी होतं. गांधींच्या नंतर बोलायचं नसतं असं समजून बसलेल्यांना जास्त होतं.

अर्थात उत्तर द्यायला आधी जागा लागते. १९२० साली 'मूकनायक' निघालं तेव्हा 'केसरी'नं त्याची जाहिरात पैसे देऊ केले तरी छापली नाही. बातमी नव्हे, लेख नव्हे, जाहिरात! तेव्हा आपलं पान आपणच काढायचं हे तेव्हापासूनचं आहे. १९२७ ला 'बहिष्कृत भारत' काढलं ते याच हिशेबानं. आपली ही शाईनं बोटं काळी करणारी पानं त्याच घराण्यातली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट निराळी नव्हती. आपलं लिखाण छापून यायला लागलं आणि वरच्या आळीतून चार शब्द आले. भडक. प्रचारकी. एकसुरी. अशुद्ध. त्यातले काही वाचक प्रामाणिक होते हे कबूल करू. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्याला प्रस्तावना लिहिण्याआधी विजय तेंडुलकर नामदेवच्या बरोबर त्या वस्तीत जाऊन फिरले. न कळलेले शब्द त्याला विचारले. ही वाचकाची एक तऱ्हा झाली, कळत नाही तर जाऊन बघायचं. दुसरी तऱ्हा त्याच वर्षी दिसली. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून 'साधना'नं १५ ऑगस्टला विशेषांक काढला. त्यात राजा ढालेंचा 'काळा स्वातंत्र्यदिन' आला. ब्राह्मणगावात दलित स्त्रीची विटंबना झालेली. ढालेंनी राष्ट्रध्वजाच्या अपमानाला दंड किती आणि दलित स्त्रीच्या अब्रूला दंड किती, हे शेजारी शेजारी ठेवलं. वादळ उठलं ते ध्वजाच्या वाक्यावर. ब्राह्मणगावच्या बाईचं काय, हे विचारायला त्या वादळातल्या फार थोड्यांना सवड होती. टीका कुठल्या वाक्यावर होते यापेक्षा कुठल्या वाक्यावरून लोक मुकाट पुढं जातात ते बघत चला. उत्तर तिथं द्यायचं असतं.

भडक, प्रचारकी वगैरेंना तर शरणकुमार लिंबाळेंनी अख्ख्या पुस्तकानं उत्तर दिलं. १९९६ चं 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र'. तुमच्या मापानं आमचं अंग बसत नाही, तर माप बदला. असं उत्तर द्यायला बारा-पंधरा वर्षं लागतात. रात्रीच्या रात्री देता येत नाही.

पण खरं सांगू? वरून आलेल्या टीकेचं एक बरं असतं. राग येतो, आणि रागात लिहिता येतं. घरातनं आलेल्या टीकेला काय करायचं?

१९७८ ला दया पवारांचं 'बलुतं' ग्रंथालीनं काढलं. बाहेर वाहवा झाली. आणि आत? आपल्यातल्याच शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या, वस्ती सोडून कॉलनीत गेलेल्या लोकांना ते झोंबलं. पोरंबाळं आता कुठं चांगल्या शाळेत जायला लागलीत, आणि हा माणूस मेलेल्या ढोराच्या गोष्टी छापतोय. वास मारणारं गाठोडं चव्हाट्यावर सोडायचं कशाला? या लोकांना भित्रे म्हणायची आपल्यात रीत आहे. मला तसं म्हणवत नाही. घरमालकाला आडनाव सांगताना ज्यानं घाम पुसलाय त्याला पुस्तकाच्या पानावरचं 'महारवाडा' कपाळावर गोंदल्यासारखं वाटणारच. त्याची टीका मला पटत नाही. त्याची भीती मात्र खरी आहे. तिला 'दलित ब्राह्मण' अशी शिवी हाणली की हाणणाऱ्याचं समाधान होतं, उत्तर काही होत नाही.

दया पवारांनी पुस्तकाच्या बांधणीतच याची तजवीज केलीय असं मला वाटत आलंय. दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. म्हणजे लाजणारा, शिकलेला, पांढऱ्या कपड्यातला माणूस पुस्तकाच्या बाहेर उभा राहून नाक मुरडत नाही. तो आतच आहे, दगडूच्या पुढ्यात मांडी घालून. बाहेरचा वाचक काय म्हणेल ते आधी आतल्यानं ऐकून घेतलंय.

आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, फलटणला, बेबीताई कांबळे होत्या. किराणा दुकानात बसायच्या. माल बांधायच्या रद्दीचे कागद वाचायच्या आणि लिहायच्या. घरच्यांना दिसू नये म्हणून लिहिलेलं लपवून ठेवायच्या. कित्येक वर्षं. मग ते 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं, १९८६ ला पुस्तक झालं, 'जिणं आमुचं'. ज्या बाईचा पहिला टीकाकार त्याच घरात जेवायला बसतो तिनं कुठल्या पुरवणीतल्या परीक्षणाला भ्यावं? आणि लिहिलं ते तरी काय? गावानं आपल्याला कसं वागवलं ते तर लिहिलंच, पण आपण आपल्या सुनांना कसं वागवलं तेही लिहिलं. हे दुसरं लिहायला जास्त छाती लागते. बेबीताई २०१२ ला गेल्या. आपल्या अभ्यासवर्गात बाबुराव बागूल येतात, ढसाळ येतात. बेबीताईंचं पुस्तक अजून दोनच पोरींनी वाचलंय. पोरांनी कधी?

'अस्मितादर्श'वाल्या पानतावणे सरांना हे फार आधी कळलं होतं. त्यांनी जे मेळावे भरवले त्यांचं नावच लेखक-वाचक मेळावा. नुसता लेखक मेळावा नव्हे. लिहिणारा आणि वाचणारा एका मांडवात, एका पंगतीला. वाचणाऱ्यानं उभं राहून विचारायचं आणि लिहिणाऱ्यानं तिथंच तोंड द्यायचं. तोंडावर विचारणारा सहसा शिवी देत नाही. आणि तोंडावर उत्तर देणाऱ्याला पळता येत नाही.

आता माझ्याकडं येतो.

बेदाण्याच्या शेडवर निवडायला बसणाऱ्या बायांवर मी चार पानं लिहिली होती. नाव 'निवड'. तासगावचा बेदाणा साऱ्या देशात जातो, हे आपण कौतुकानं सांगतो. तो तयार कसा होतो? पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईल घातलेल्या पाण्यात घड बुडवायचे, सावलीत जाळीच्या रॅकवर पंधरा-एक दिवस सुकवायचे, गंधकाची धुरी द्यायची, आणि शेवटी बायांची बोटं. काडी बाजूला, काळा मणी बाजूला, चपटा बाजूला. दिवसभर. लेखात एवढंच होतं. आणि एक पिंप होतं. पिंपाजवळ दोन गिलास. एक स्टीलचा, साखळीला. एक प्लॅस्टिकचा, खिळ्याला. कुठला कुणाचा हे तिथं कुणी सांगत नाही. सांगावं लागत नाही. आमच्या वस्तीतली एक साठीची बाई उठते, प्लॅस्टिकच्या गिलासानं पाणी पिते, विसळून खिळ्याला लावते आणि पुन्हा निवडायला बसते. लेख तिथं संपला.

पहिलं पत्र आलं ते एका निवृत्त गुरुजींचं. सुरेख अक्षर. आता असं कुठं राहिलंय, असं विचारलं होतं. मेलेली भुतं उकरून तुम्ही नवी पिढी कडवट करता. आणि 'गिलास' हा शब्द अशुद्ध आहे, पेला म्हणावं. आम्ही पुढच्या अंकात ते पत्र पहिल्या पानावर, एक अक्षर न गाळता छापलं. खाली माझ्या दोन ओळी. शेड गावापासून सायकलनं वीस मिनिटांवर आहे, अकराच्या सुमाराला तहान लागते, केव्हाही यावं, मी घेऊन जातो. गिलास तसाच ठेवलाय. गुरुजी आले नाहीत. वर्गणी मात्र दर साली न मागता येते. यातनं काय समजायचं ते मला अजून उमगलेलं नाही.

दुसरी टीका आपल्याच पोरांची. १४ एप्रिलच्या स्मरणिकेत 'निवड' घ्यायचा होता, पण शेवट बदलून. म्हातारीनं गिलास आपटायला पाहिजे. विहाराच्या पायरीवर रात्री अकरापर्यंत जुंपली. एक पोरगं फार तळमळीनं बोललं. '१९२७ ला महाडला चवदार तळ्यावर वंजळीनं पाणी पिलेल्यांची आपण लेकरं. आणि जयंतीच्या अंकात आपली बाई गिलास विसळून ठेवती? लाज न्हाई वाटत?' मला त्याचा राग आला नाही. वाचून असंच पेटावं म्हणून तर लिहिलं होतं. पण शेवट बदलायला मी तयार झालो नाही. तिनं आपटला नाही. मी कागदावर आपटला तर वाचणाऱ्याला वाटंल, चला, काम झालं. आणि गिलास तर खिळ्यालाच. 'तुला फुटलेला बघायचाय ना? मग शेडात जाऊन फोड, मी त्याच्यावर लिहितो.' स्मरणिकेत लेख आला नाही. त्यांचा अंक, त्यांचा अधिकार. बोलणं बंद नाही आमचं.

त्याच रात्री आणखी एकानं विचारलं, आणि ते महत्त्वाचं होतं. 'सर, लिहिण्यापेक्षा तक्रार का न्हाई दिली? पंचावन्नचा नागरी हक्क कायदा हाय, एकोणनव्वदचा ॲट्रॉसिटी हाय.' बरोबर आहे. पण तक्रारीला नाव लागतं. फिर्यादीचं नाव, साक्षीदारांची नावं. लेखाला नाव बदलून चालतं, तक्रारीला चालत नाही. यावर सगळे गप झाले. आम्ही तिथनं उठलो.

मग तिसरा वाचक आला, त्याची मी वाट बघत नव्हतो. शेडवरचा मुकादम. अंकाची सुरळी हातात. अडत दुकानात मी पावत्या लिहीत होतो, तिथंच येऊन उभा.

'हे आमच्याच शेडचं न्हवं?'

'तुमच्या शेडात दोन गिलास आहेत का?'

तो थोडा वेळ उभा राहिला. सुरळी खिशात घातली आणि गेला. आठवड्याभरात पिंपाजवळचे दोन्ही गिलास गेले. हुकूम निघाला, ज्यानं-त्यानं घरनं बाटली आणायची. पोरांनी विजय म्हणून गावभर सांगितलं. लेखणीची ताकद वगैरे. मी त्या आनंदात नव्हतो. गिलास गेला, पण एकाच गिलासानं सगळ्यांनी प्यावं ही गोष्ट काही झाली नाही. जात खिळ्यावरनं उतरून बाटलीत गेली. पुण्या-मुंबईत ती अशीच असते, झाकण लावलेली.

आणि मग आत्ती. जिच्यावर लिहिलं ती. तिला वाचता येत नाही. नातीनं वाचून दाखवलं. चार दिवसांनी तिनं मला दारातनं हाक मारली. बस म्हणाली नाही.

'त्यात लिवलंयस ती बाई मीच न्हवं?'

'व्हय आत्ती.'

'मग नाव दुसरं का घातलंस?'

मी सांगितलं. मुकादमाच्या हातात अंक गेलाय, कामावरनं काढतील, नातीची शाळा हाय. सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

'मुकादमाला म्हाईत न्हाई व्हय रं मी कोण ती? त्या गिलासानं पाणी पिणारी माझ्या वयाची शेडवर एकच हुती. त्यो वळखतोय मला. मालकबी वळखतोय. मला वळखत न्हाईत ती तुझी वाचणारी माणसं. मग नाव लपीवलंस कुणापासनं?'

मी काही बोलायच्या आत पुढं म्हणाली, 'माझा हात लिवलास, माझं पाणी लिवलंस. नाव तेवढं झाकलंस. चोरी मी केलीया का?'

चाळीस वर्षं मी परीक्षणं वाचतोय. आपल्या लिखाणावर 'अनुभवाची दाहकता' आणि 'वेदनेचा हुंकार' असलं कायबाय वाचून कंटाळा आलाय. असला प्रश्न एकाही प्राध्यापकानं विचारलेला नाही.

तरी मी माझ्या जागेवरनं हललो नाही, तेही सांगतो. वाचणारा म्हणेल तसं लिहिणाऱ्यानं करावंच असं नाही, मग तो वाचणारा आत्ती का असेना. छापलेल्या नावाला पाय फुटतात. ते शेडातनं बाजार समितीत जातं, तिथनं दुसऱ्या शेडात जातं, आणि पुढच्या हंगामाला सगळीकडं 'बाया पुऱ्या झाल्या' असं ऐकायला मिळतं. नाव घालणारा मी, निस्तरणार ती. मी तिला म्हटलं, 'आत्ती, नाव घालायला माझी ना न्हाई. पण तुझ्या बाजूनं शेडाच्या दारात उभी ऱ्हाणारी धा माणसं पायजेत. काम गेलं तर तुझ्यासंगं बसणारी. साक्ष द्यायची वेळ आली तर पोलीस ठाण्यात येणारी.'

'मग आण की धा माणसं,' म्हणाली. 'न्हाईतर पुन्यांदा माझ्यावर लिवू नगंस.'

तेव्हापासून मी तिच्यावर लिहिलेलं नव्हतं. हे लिहायच्या आधी तिला विचारलं. नावाचं विचारलं नाही, लिहू का एवढंच विचारलं. ती म्हणाली, 'किती झाली?'

विहाराच्या पायरीवर माझ्याशी भांडलेल्या पोरांकडं मी गेलो. गिलास फोडा म्हणणाऱ्यांकडं आधी. महाडचं बोलला होता त्यानं पहिली सही केली. तक्रारीचं विचारणाऱ्यानं दुसरी. शेडवर कामाला जाणाऱ्या दोघी आहेत. त्यांतली एक आपल्यातली नाही, हे मुद्दाम सांगतो. एक दुकानातला हमाल. एकाच्या बापानं सही खोडायला लावली होती, त्यानं पुन्हा येऊन केली. नवीन हंगाम फेब्रुवारीत सुरू होईल.

वहीत सात नावं झालीत.